शेतकऱ्याचे देणे, गिरणीचे खाते

कापसावरच्या आयात शुल्काचा वाद निघाला की आपल्याकडे दोनच बाजू उरतात, आणि दोन्ही पाठ केल्यासारख्या बोलतात. एक म्हणते, परदेशी कापूस शुल्काविना येऊ दिला तर विदर्भ-मराठवाड्यातला शेतकरी बुडेल. दुसरी म्हणते, शुल्क राहिले तर सूतगिरणी बुडेल आणि तिच्यामागून तमिळनाडूतल्या तिरुपूरचे शिवणकारखानेही. केंद्र सरकारने 19 ऑगस्ट 2025 पासून हे 11 टक्के शुल्क माफ केले, आधी 30 सप्टेंबरपर्यंत आणि मग थोड्याच दिवसांत 31 डिसेंबरपर्यंत, तेव्हा वर्तमानपत्रांतून आणि वाहिन्यांवरून हाच संवाद पुन्हा एकदा पार पडला. शुल्क हाच मूळ प्रश्न आहे, हे दोघांनीही गृहीत धरले होते. मला ते मान्य नाही. शेतकऱ्याला संरक्षण द्यायलाच हवे. पण त्याचा खर्च गिरणीच्या कच्च्या मालावर कर बसवून काढणे हा ते देण्याचा सर्वांत महाग आणि सर्वांत कमी उपयोगाचा मार्ग आहे. हे शुल्क कायमचे काढावे आणि शेतकऱ्याची तूट सरकारी तिजोरीतून थेट भरावी. ज्यांना हे राजकीयदृष्ट्या झेपणार नाही, त्यांनी निदान शुल्काच्या तारखा हंगामाला बांधून काही वर्षांसाठी आधीच जाहीर कराव्यात.

हे शुल्क काही पिढ्यानुपिढ्या चालत आलेले नाही. ते 2021-22 च्या अर्थसंकल्पात आले : 5 टक्के मूळ सीमाशुल्क, 5 टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास अधिभार आणि या दोहोंवरचा समाजकल्याण अधिभार मिळून 11 टक्के. सव्वा वर्षातच, एप्रिल 2022 मध्ये, खंडीचा म्हणजे 356 किलो रुईचा (सरकी काढलेल्या कापसाचा) भाव लाखाच्या घरात चालला म्हणून ते माफ झाले. ती माफी सप्टेंबरअखेरपर्यंत होती, ती पुढे ऑक्टोबरअखेरपर्यंत लांबली. फेब्रुवारी 2024 मध्ये 32 मिलिमीटरहून लांब धाग्याच्या कापसाला वेगळी सूट मिळाली आणि ऑगस्ट 2025 मध्ये सरसकट माफी आली. परदेशी कापसाचा सौदा केल्यापासून गाठी न्हावा-शेवा बंदरात उतरेपर्यंत आठवडेच्या आठवडे जातात. सौद्याच्या दिवशीचा नियम गाठी उतरण्याच्या दिवशी टिकेल की नाही, याची खात्री नसलेला गिरणीचालक बाहेरूनही घेत नाही आणि देशातही घेत नाही, तो थांबतो. गिरणी थांबली की यवतमाळच्या बाजारात गाडी लावून उभ्या असलेल्या माणसाचा भाव सर्वांत आधी पडतो. अनिश्चिततेचा हा मार दोघांनाही सारखाच बसतो, आणि वादात नेमका त्याचाच उल्लेख होत नाही.

शुल्क हवे म्हणणाऱ्यांचे म्हणणे उथळ आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. माफीची अधिसूचना निघताच सीसीआयने, म्हणजे आदल्या हंगामात सुमारे 100 लाख गाठींचा (एक गाठ 170 किलो रुईची) कापूस हमीभावाने घेतलेल्या भारतीय कापूस महामंडळाने, आपले विक्रीदर खाली आणले. आयात मालाचा दर देशी भावाचे छत ठरवतो आणि छत खाली आले की खालच्याला वाकावे लागते, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. माफीचा काळही असा निवडला गेला की दसरा-दिवाळीची पहिली-दुसरी वेचणी नेमकी त्यात सापडली. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये असताना बाजार समित्यांतले सौदे त्याच्या बरेच खाली होत राहिले. 27 ऑगस्टपासून अमेरिकेचे एकूण 50 टक्के शुल्क आपल्या मालावर लागू व्हायचे होते आणि त्याच्या आठवडाभर आधी ही माफी निघाली. तेव्हा अमेरिकेच्या कापूसवाल्यांना खूश करण्यासाठी विदर्भाचा बळी दिला, असा संशय कोणी घेतला तर त्याला वेडा कसे म्हणावे? शिवाय तो अमेरिकी कापूस तरी कुठे निव्वळ बाजाराच्या बळावर उभा आहे? ब्राझीलने 2002 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्ध तक्रार केली, ती जिंकली आणि 2014 मध्ये 30 कोटी डॉलर घेऊन तंटा मिटवला. अनुदानाच्या जोरावर स्वस्त झालेल्या मालापुढे कोरडवाहू शेतकऱ्याला उघडे सोडणे याला मुक्त व्यापार म्हणता येणार नाही. हे सगळे मान्य करूनच पुढचे बोलायचे आहे.

पहिला प्रश्न असा की, हे देणे कोणाचे? शेतकऱ्याच्या घामाला दाम मिळावा ही समाजाची जबाबदारी असेल, तर तिचे बिल फक्त कापूस विकत घेणाऱ्या उद्योगाने का भरावे? या प्रश्नाचे उत्तर मुंबईने एकदा फार महागात शिकून घेतले आहे. 1964 पासून सरकारने गिरण्यांवर नियंत्रित कापडाचे बंधन घातले. गरिबाला स्वस्त धोतर-लुगडे मिळावे हा हेतू निर्मळ होता. पण तोटा सोसायचा गिरणीने. त्याच काळात यंत्रमाग या बंधनाबाहेर वाढत गेले, गिरण्यांनी यंत्रांवर खर्च करणे सोडले आणि एकेक गिरणी आजारी पडू लागली. 1968 मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ निघाले आणि 1974 मध्ये 103 आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण करणारा कायदा झाला. गिरणगावाच्या मरणाची तारीख विचारली की लोक 18 जानेवारी 1982 सांगतात, डॉ. दत्ता सामंतांच्या संपाची. लालबाग-परळमध्ये वाढलेला मीही लहानपणी तेच ऐकले. पण संपाच्या आधीच कितीतरी गिरण्यांच्या खात्यांत साचे, म्हणजे माग, जुने झाले होते, आणि त्याला मालकांच्या हावेबरोबरच हे दुसऱ्याचे देणे आपल्या खात्यावर टाकण्याचे धोरणही कारण होते. कल्याणाचा खर्च अर्थसंकल्पात दिसू नये म्हणून तो उद्योगाच्या खर्चात दडवला, तरी तो संपत नाही. फक्त तो नेमका कोणी भरला हे कळेनासे होते.

दुसरा प्रश्न त्याहून अडचणीचा आहे : हे 11 टक्के शेतकऱ्यापर्यंत पोचतात का? कापूस साठवून ठेवण्याची ऐपत फार थोड्यांची असते. पत्र्याखाली ठेवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते, आगीची धास्ती असते आणि सावकाराचा, कृषी केंद्राचा तगादा दिवाळीपासून सुरू होतो. म्हणून बहुतेक लहान शेतकऱ्यांचा माल फेब्रुवारीपर्यंत घराबाहेर पडलेला असतो. त्यानंतर उन्हाळ्यात शुल्काच्या आधाराने रुईचे दर चढले तर तो फायदा ज्याच्या गोदामात गाठी आहेत त्याचा : कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्याचा, व्यापाऱ्याचा, सीसीआयचा. म्हणजे बारमाही शुल्क हे निम्मे वर्ष शेतकऱ्याच्या नावाने साठेदाराला दिलेले संरक्षण ठरते. उलट ज्या चार-पाच महिन्यांत शेतकरी खरोखर बाजारात असतो त्यातल्याच सुरुवातीच्या महिन्यांत 2025 साली माफी होती. करायचे होते त्याच्या नेमके उलटे झाले, आणि तरीही दोन्ही बाजू ‘शुल्क हवे’ आणि ‘शुल्क नको’ एवढेच म्हणत राहिल्या. ‘केव्हा’ हे कोणी विचारले नाही.

निर्यातदाराला ॲडव्हान्स ऑथोरायझेशन या परवान्याखाली, निर्यातीच्या मालासाठी लागणारा कच्चा माल शुल्काविना आणता येतोच, मग ओरड कशाची, हा या वादातला सर्वांत चलाख युक्तिवाद आहे आणि कागदावर तो खराही आहे. ज्या कंपनीच्या एकाच आवारात कापूस शिरतो आणि चादर बाहेर पडते, तिला ही सवलत सहज घेता येते. पण आपला कापड धंदा असा एका छपराखाली नाही. सूत कोइमतूरला किंवा इचलकरंजीच्या आसपास निघते, भिवंडीत विणले जाते, तिसरीकडे रंगते आणि चौथीकडे शिवले जाते. बाजारात सूत विकणाऱ्या गिरणीने आपल्या सुताच्या कोणत्या गुंडाळीचे कापड होऊन कोणत्या बोटीत चढले, हे सिद्ध कसे करायचे? कागदोपत्री वाट असली तरी ती मोठ्यांनाच परवडते. शुल्क कायम ठेवून निर्यातदाराला सूट देणे म्हणजे लहान गिरणीला शिक्षा आणि मोठ्या घराला पास. आणि स्पर्धा कोणाशी आहे? बांगलादेशात कापूस नावापुरता पिकतो. तरीही 2024-25 मध्ये त्याची तयार कपड्यांची निर्यात 39 अब्ज डॉलरच्या आसपास होती, आणि जगातले सर्वांत मोठे कापूस क्षेत्र असलेल्या आपली 16 अब्ज. युरोपात त्याला अल्पविकसित देश म्हणून शुल्कमाफी आहे, हे यातले मोठे कारण आहे आणि ते विसरणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण ज्याला जो हवा तो कापूस, जेथून हवा तेथून, अडथळ्याशिवाय आणता येणे हेही एक कारण आहे.

कापूस उत्पादक आणि गिरणी यांचे हित एकमेकांच्या विरुद्धच असते, ही समजूत इतकी मुरली आहे की आपल्याच इतिहासातला एक प्रसंग आठवत नाही. 1933 मध्ये जपानी कापडाच्या लोंढ्याने मुंबईच्या गिरण्या घायकुतीला आल्या होत्या. सरकारने बिगर-ब्रिटिश कापडावरचे शुल्क 75 टक्क्यांवर नेले. गिरणीमालक समाधानी झाले. पण जपानी गिरण्यांनी उत्तर म्हणून हिंदी कापसावर बहिष्कार टाकला आणि वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक एका फटक्यात गेले. म्हणजे तेव्हा संरक्षण गिरणीला मिळाले आणि त्याची किंमत शेतकऱ्याने मोजली. आज तीच गोष्ट आरशात दिसते आहे. सिमला आणि दिल्लीत महिनोन्महिने वाटाघाटी होऊन जानेवारी 1934 मध्ये जो तोडगा निघाला, तो आजच्या वादकांनी वाचावा असा आहे. जपानने वर्षाला 10 लाख गाठी हिंदी कापूस उचलला तर त्याला 32.5 कोटी वार कापड इथे आणता येईल, आणि 15 लाख गाठी उचलल्या तर 40 कोटी वार. शेत आणि माग एकाच करारात, एकाच त्रैराशिकात बसवले गेले. त्या काळच्या परक्या सरकारकडे आदर्श म्हणून बघण्याचे कारण नाही; ज्या सत्तेने 1896 मध्ये लँकेशायरच्या सोयीसाठी इथल्या गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी लादली आणि ती जवळजवळ तीस वर्षे हटवली नाही, तिचे कौतुक कसले? पण कच्चा माल आणि तयार माल यांची सांगड सौद्यात घालता येते, एवढे त्या करारावरून दिसते. एप्रिल 2025 च्या अमेरिकी आदेशातही किमान 20 टक्के अमेरिकी घटक असलेल्या मालाच्या त्या भागाला वाढीव शुल्कातून वगळण्याची तरतूद होती. मग अमेरिकी कापसाला दार उघडताना आपण बदल्यात त्याच कापसाच्या कपड्यांसाठी काही मागितले का? एकतर्फी माफी जाहीर करून मोकळे होणे म्हणजे हातातले पान न खेळताच टाकून देणे.

आता दर्जाकडे येतो, कारण शुल्काच्या गलक्यात सर्वांत आधी तोच बुडतो. गिरणी परदेशी कापूस केवळ स्वस्त म्हणून घेत नाही. हाताने वेचलेला आपला कापूस मुळात यंत्राने वेचलेल्यापेक्षा चांगला असायला हवा. पण तो प्लास्टिकच्या पोत्यांत भरला जातो, सुतळीने बांधला जातो, जिनच्या ओट्यावर उघडा पडतो, आणि रुईत पोत्याचे तंतू, केस, पालापाचोळा व कवडी (किडका, पिवळा पडलेला कापूस) मिसळून गाठ बांधली जाते. प्लास्टिकचा एक तंतू सुतात शिरला की रंगवलेल्या कापडावर पांढरी रेघ उमटते आणि अख्खा ताका परत येतो. ही तक्रार नवी नाही. अमेरिकेतल्या यादवीमुळे 1861 ते 1865 या काळात मँचेस्टरला मुंबईच्या कापसावाचून गत्यंतर उरले नाही, या शहरात पैशाचा पूर आला, प्रेमचंद रायचंदांच्या शब्दावर शेअर चढू-उतरू लागले. पण लँकेशायरच्या कामगारांत ‘सुरती’ हा शब्द आखूड, घाणेरड्या, सारख्या तुटणाऱ्या कापसाला शिवीसारखा वापरला जाई. भेसळ आवरण्यासाठी मुंबई सरकारला 1863 मध्ये खास कायदा करावा लागला. युद्ध संपले, अमेरिकी कापूस परत आला, मँचेस्टरने तोंड फिरवले आणि 1865 मध्ये मुंबईचा फुगा फुटला. गिऱ्हाईक अडचणीपोटी आले होते, दर्जासाठी नव्हे, हे तेव्हा कळले. शुल्काने आपण आपल्याच गिरण्यांना असे अडचणीतले गिऱ्हाईक बनवतो आहोत.

दर्जा सुधारत नाही याचे कारण शेतकऱ्याचा निष्काळजीपणा नाही. सुधारल्याचे पैसे त्याला मिळत नाहीत, हे आहे. आपल्याकडे कापूस क्विंटलवर विकला जातो. पाच क्विंटल कापसातून 34 टक्के उताऱ्याने, म्हणजे शंभर किलोला 34 किलो रुई या प्रमाणात, 170 किलोची एक गाठ निघते. तोच उतारा 38 टक्के असेल तर तेवढ्याच कापसातून 190 किलो रुई निघते. रुई सरकीच्या कितीतरी पट महाग असते. पण ही जास्तीची 20 किलो जिनिंगवाल्याच्या पदरात पडते आणि शेतकऱ्याचा भाव तोच राहतो. मग जास्त उताऱ्याचे वाण त्याने का पेरावे आणि बियाणे कंपनीने ते का काढावे? धाग्याची लांबी, मायक्रोनेअर (म्हणजे जाडेपणा), ताकद हे सगळे मोजायची विद्या माटुंग्याच्या कापूस तंत्रज्ञान प्रयोगशाळेत 1924 पासून आहे, म्हणजे विद्येचा तुटवडा नाही. खरेदी केंद्रावर मात्र आजही मुख्य कसोटी ओलाव्याची आहे आणि ग्रेडरने मूठभर कापूस उचलून मान हलवण्याची.

खाद्यतेलाचे उदाहरण देऊन काही अभ्यासक विचारतात, नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला तेलात आपण जवळजवळ स्वयंपूर्ण झालो होतो, मग शुल्क घटवले आणि आज निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. कापसाचे तेच करायचे आहे का? हा प्रश्न मला खरोखर अस्वस्थ करतो आणि त्याला पूर्ण उत्तर माझ्याकडे आहे, असा दावा मी करत नाही. पण फरक आहे. आयात केलेले तेल आपण खाऊन संपवतो. आयात कापसाचा मोठा भाग सूत, कापड, टॉवेल होऊन मोलाने वाढून परत जाऊ शकतो. आणि कापसाची घसरण शुल्क येण्याआधीच सुरू झाली होती आणि शुल्क आल्यावरही थांबली नाही. 2013-14 मध्ये 398 लाख गाठी पिकवणारा देश आता 300 लाखांच्या आसपास अडखळतो. 2011-12 मध्ये सुमारे 130 लाख गाठी निर्यात करणाऱ्या देशाने 2024-25 मध्ये 40 लाखांच्या आसपास गाठी आणल्या. हेक्टरी उत्पादन साडेचारशे किलो रुईच्या आसपास घुटमळते आहे, तर ब्राझीलमध्ये ते अठराशेच्या घरात आहे, आणि ब्राझीलचा कापूसही बहुतांश पावसावरच पिकतो. 2002 मध्ये आलेल्या बीटी, म्हणजे जनुक बदलून बोंडअळीला रोखणाऱ्या, बियाण्याचा जोर ओसरला, गुलाबी बोंडअळी त्याला दाद देईनाशी झाली, फरदड घेण्याची, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच झाड राखून पुन्हा कापूस घेण्याची, सवय तिला पोसत राहिली, आणि संकरित बियाण्याच्या महागाईमुळे दाट लागवड परवडेना. जगातले बहुतेक कापूस देश सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणांची दाट पेरणी करतात. अकोल्याकडे सघन लागवडीचे प्रयोग झाले, 2025 च्या अर्थसंकल्पात कापूस उत्पादकतेचे पाच वर्षांचे अभियानही जाहीर झाले. यातले काहीही 11 टक्क्यांनी होत नाही. शुल्क असल्यामुळे ‘आपण काहीतरी केले आहे’ हे समाधान मात्र मिळते, आणि ते समाधान घातक आहे.

कृत्रिम धाग्यांच्या बाबतीतही आपण हेच केले. फक्त तिथे संरक्षण मोठ्या कारखानदारांना मिळाले. पॉलिस्टर व व्हिस्कोस धाग्यांवर 2023 मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेशांची, म्हणजे भारतीय प्रमाणपत्राच्या सक्तीची, कुंपणे घातली आणि नोव्हेंबर 2025 मध्ये ती काढली. मधल्या काळात लहान विणकराने महाग धागा घेतला. तिथे शेतकरी नव्हता, म्हणून कोणी मोर्चाही काढला नाही.

थेट मदतीवरचा आक्षेप मला ठाऊक आहे. मध्य प्रदेशात 2017 मध्ये हमीभाव आणि बाजारभाव यांतला फरक देणारी भावांतर योजना आली तेव्हा, फरक सरकार देणारच आहे म्हटल्यावर व्यापाऱ्यांनी भाव पाडल्याच्या तक्रारी झाल्या. आणि महाराष्ट्राची 1972 पासूनची एकाधिकार कापूस खरेदी, म्हणजे सरकार हेच एकमेव गिऱ्हाईक, तर आपण तोट्याच्या डोंगरासह पाहिलीच : बाहेर भाव चढला की कापूस चोरून सीमेपार, उतरला की सीमेपारचा कापूस आत. पण हेक्टरी ठरावीक रक्कम देण्यात भाव पाडण्याचे आमिष राहत नाही. राज्याने 2023 च्या खरिपासाठी कापूस व सोयाबीन उत्पादकांना दोन हेक्टरच्या मर्यादेत हेक्टरी 5,000 रुपये दिले. ते निवडणुकीच्या तोंडावर आले ही त्यातली खोट, पण पैसे खात्यात पोचवता येतात एवढे तरी सिद्ध झाले. त्या रकमेला निवडणुकीऐवजी भावाच्या सूत्राशी जोडावे, आणि खरेदी केंद्रावर उताऱ्यानुसार वाढीव दर सुरू करावा.

यासाठी पैसा नाही असे अर्थखाते म्हणेल. तर मग ज्याला पैसा लागत नाही तेवढे तरी करावे. ऑक्टोबर ते मार्च शुल्क, एप्रिल ते सप्टेंबर माफी, आणि अपवाद करायचाच तर जाहीर केलेल्या भावपातळीवर, मंत्र्याच्या मर्जीवर नाही. एक अधिसूचना, पाच वर्षांसाठी, मे महिन्यात निघालेली : बियाण्याची पाकिटे दुकानांत लागण्याआधी, आणि गिरणीने पुढच्या हंगामाचे सौदे करण्याआधी.